संगणकांची मोजदाद

आदिलाबाद जिल्ह्याचे वर्ष कापसाने मोजले जाते. दिवाळीच्या सुमारास वेचणीला जोर आला की गाड्या, ट्रॅक्टर आणि टेम्पो मार्केट यार्डाकडे व जिनिंगांकडे वळतात. तेथे काट्यावर वजन होते, जिनात सरकी वेगळी निघते, प्रेसमध्ये रुईची गाठ बांधली जाते आणि सुमारे १७० किलो वजनाची ती गाठ दूरच्या सूतगिरणीकडे रवाना होते. या व्यवहारातील एक गोष्ट आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांनी पाहिली असेल, पण तिचा विचार थोड्यांनीच केला असेल. प्रेसमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण आणि अनुक्रमांक घातलेला असतो. ही चाल आजची नव्हे. ब्रिटिश हिंदुस्थानात १९२५ साली जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांविषयी जो कायदा झाला, त्यात गाठ प्रेसबाहेर नेण्यापूर्वी तिच्यावर कारखान्याची खूण व क्रमांक घालण्याचे बंधन होते. आपला जिल्हा त्या वेळी निजामाच्या राज्यात होता. परंतु आज ही रीत आपल्याकडेही रूढ आहे. कारण उघड आहे. गाठीत ओला किंवा कचरा मिसळलेला कापूस निघाला, तर ती कोणत्या प्रेसमध्ये आणि केव्हा बांधली गेली हे क्रमांकावरून शोधता येते. क्रमांक नसलेली गाठ म्हणजे पाठवणाऱ्याचे नाव नसलेले पत्र होय.

आता अशाच एखाद्या जिनिंगच्या कचेरीत डोकावून पाहू. काट्याच्या खोलीत एक संगणक, हिशेबनिसाच्या मेजावर दुसरा, मालकाच्या दालनात तिसरा, आणि कोपऱ्यात धूळ खात पडलेले आणखी एकदोन. यांपैकी अमुक संगणक कोणत्या वर्षी घेतला, त्याची हमी केव्हा संपली, त्यावर कोणते सॉफ्टवेअर आहे आणि ते विकत घेतलेले आहे की उसने आणलेले, असे विचारले तर उत्तर मिळेलच अशी खात्री नाही. एका गाठीतील रुईला जी किंमत येते, तिच्यापेक्षा एका नव्या संगणकाची किंमत बहुधा अधिकच असते. तरीही गाठीला क्रमांक आहे आणि संगणकाला नाही! या विसंगतीचा विचार करावा आणि संस्थेच्या संगणकांची व्यवस्था शास्त्रशुद्ध रीतीने कशी ठेवावी हे सांगावे, यासाठी आम्ही हा लेख लिहीत आहोत. ज्या वस्तूची नोंद नाही तिची निगा राखता येत नाही, आणि निगा न राखल्याचा भुर्दंड पुष्कळदा मालकाऐवजी तिसऱ्याच माणसाला पडतो, हे आमच्या सांगण्याचे सार आहे.

प्रथम मालमत्ता म्हणजे काय ते पाहू. संगणकाच्या बाबतीत तिचे दोन भाग पडतात. डोळ्यांना दिसणारा आणि हाताला लागणारा भाग तो हार्डवेअर. पडदा, कळफलक, मुख्य पेटी, तिच्यातील मदरबोर्ड, स्मृती, डिस्क, तसेच छपाईयंत्र आणि वीज गेल्यावर काही वेळ आधार देणारा यूपीएस ही सर्व मंडळी त्यात मोडतात. दुसरा भाग सॉफ्टवेअरचा. यंत्राने काय करावे हे सांगणाऱ्या आज्ञांचा तो संच. तो दिसत नाही, त्याला वजन नाही, गोदामात जागा लागत नाही. म्हणूनच तो मालमत्ता आहे हे ध्यानी येत नाही. वस्तुतः एखाद्या कचेरीत यंत्रांहून सॉफ्टवेअरवरच अधिक पैसा खर्च झालेला असू शकतो.

या दोहोंत एक महत्त्वाचा भेद आहे. यंत्र विकत घेतले की ते आपले झाले. सॉफ्टवेअरच्या बाबतीत आपण विकत घेतो तो बहुधा केवळ वापराचा परवाना. पाठ्यपुस्तक विकत घेणाऱ्यास ते वाचण्याचा अधिकार मिळतो, पण त्याच्या प्रती छापून वाटण्याचा मिळत नाही. तसेच हे आहे. परवान्यांतही प्रकार आहेत. काही परवाने यंत्राबरोबरच येतात व यंत्राबरोबरच संपतात. ते काढून दुसऱ्या यंत्रावर नेता येत नाहीत. काही परवाने माणसाच्या नावावर असून दर महिन्यास वा वर्षास शुल्क भरावे लागते. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एकाच यंत्रावर चालणारा आणि अनेक यंत्रांवर चालणारा असे भेद आढळतात. यांखेरीज लिनक्स, लिब्रेऑफिस यांसारखे मुक्त सॉफ्टवेअर आहे. ते कोणीही विनामूल्य घ्यावे, वापरावे आणि दुसऱ्यास द्यावे, अशी त्याच्या कर्त्यांनीच मुभा ठेवली आहे.

परवाना न घेता सॉफ्टवेअर वापरणे हा गुन्हा आहे, हे आपल्याकडे पुष्कळांना खरे वाटत नाही. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली दुरुस्ती होऊन एक स्वतंत्र कलम आले. सॉफ्टवेअरची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास कमीत कमी ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कारावास आणि ५०,००० पासून २ लाख रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा त्यात सांगितली आहे. प्रत व्यापारासाठी किंवा नफ्यासाठी वापरली नसल्यास न्यायालयास सौम्य शिक्षा देता येते. परंतु व्यापारी कचेरीस ही सवलत सहसा कशी मिळावी?

आता नोंदवहीकडे वळू. शाळेत बाके, फळे, कपाटे यांची जी वही असते तिला आपण ‘डेडस्टॉक’ म्हणतो. शासकीय मराठीत तिला ‘जडवस्तू संग्रह नोंदवही’ असे भारदस्त नाव आहे. संगणकाची वही त्याच कुळातली, पण तिच्यात पाच प्रकारची माहिती हवी. पहिली ओळख : संस्थेने दिलेला क्रमांक, आणि कारखान्याने यंत्राच्या पाठीवर चिकटवलेला अनुक्रमांक. दुसरी जागा व जबाबदारी : यंत्र कोणत्या खोलीत आहे आणि कोणाच्या ताब्यात आहे. तिसरी कागदपत्रे : बिलाचा क्रमांक व तारीख, विक्रेता, किंमत, हमीची मुदत. चौथी शरीररचना : प्रोसेसर कोणता, स्मृती किती, डिस्क केवढी. पाचवी सॉफ्टवेअर : कोणते, कोणत्या आवृत्तीचे, कोणत्या परवान्यावर, आणि शेवटची सुरक्षा-दुरुस्ती केव्हा बसवली. संस्थेचा क्रमांक यंत्रावर ठळक चिकटवावा, म्हणजे गाठीप्रमाणे संगणकही आपले नाव स्वतःच सांगेल. केवळ पडद्यावर क्रमांक चिकटवून थांबू नये. पडदा आज एका पेटीला जोडलेला असतो, तर उद्या दुसरीला.

अशी वही काय दाखवते, हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट करू. एका कचेरीत १२ संगणकांची बिले आहेत. मोजणी केली तेव्हा ११ सापडले. एक कधीकाळी घरी काम करण्यासाठी कोणी नेला होता, तो परत आलाच नाही. ११ पैकी २ बंद पडलेले, म्हणजे चालू ९. पत्रे व तक्ते तयार करण्याच्या सॉफ्टवेअरचे माणशी वार्षिक शुल्काचे परवाने ८. त्यांपैकी २ परवाने नोकरी सोडून गेलेल्यांच्या नावावर, तरी त्यांचे शुल्क दरवर्षी बिनबोभाट भरले जात आहे. उरले ६ परवाने. पण सॉफ्टवेअर मात्र नऊही यंत्रांवर बसवलेले! म्हणजे तीन यंत्रांवर बेकायदा प्रत चालू आहे आणि त्याच वेळी दोन परवान्यांचे पैसे वाया जात आहेत. एकाच छपराखाली चोरीही आहे आणि उधळपट्टीही आहे, आणि दोन्ही नकळत! उपाय मात्र सोपा आहे. ते दोन परवाने सध्याच्या कामगारांच्या नावावर करावे, आणि उरलेल्या एका यंत्रासाठी एक परवाना घ्यावा किंवा त्यावर लिब्रेऑफिस बसवावे. सारा प्रश्न एका दुपारच्या मोजणीने सुटतो. पण मोजणी न केल्यास तो दहा वर्षांतही सुटत नाही.

यंत्रे पन्नास-शंभर झाली की प्रत्येक मेजापाशी जाऊन हे लिहिणे अवघड होते. मग जाळ्यातील प्रत्येक संगणकाची माहिती आपोआप गोळा करणारे सॉफ्टवेअर उपयोगी पडते. जीएलपीआय आणि ओसीएस इन्व्हेंटरी ही या कामाची मुक्त साधने आहेत. जगातील तज्ज्ञांनीही या विषयास मान दिला आहे. सॉफ्टवेअर-मालमत्तेच्या व्यवस्थेसाठी आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने २००६ साली १९७७० या क्रमांकाचे मानक प्रसिद्ध केले, आणि २०१७ च्या आवृत्तीत त्याची व्याप्ती माहिती-तंत्रज्ञानाच्या सर्व मालमत्तेपर्यंत वाढवली. तथापि साधन कितीही शहाणे असले तरी ते केवळ चालू आणि जोडलेल्या यंत्रासच पाहू शकते. कपाटात बंद करून ठेवलेला संगणक त्यास दिसत नाही. त्यासाठी डोळे माणसाचेच हवेत.

वहीचा दुसरा उपयोग आयुष्य मोजण्याचा. संगणक जन्मतो, राबतो, आजारी पडतो, म्हातारा होतो. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या परिशिष्टात टेबलावरच्या संगणकाचे उपयुक्त आयुष्य ३ वर्षे आणि सर्व्हरचे ६ वर्षे धरले आहे. आयकराच्या हिशेबात संगणकावर उरलेल्या किमतीच्या ४० टक्के घसारा धरण्याची पद्धत आहे. गणिताच्या तासाला शिकलेले येथे कामी येते. ५०,००० रुपयांचा संगणक पूर्ण वर्ष वापरला असे धरले, तर पहिल्या वर्षाअखेर त्याची वहीतील किंमत ३०,०००, दुसऱ्या वर्षाअखेर १८,००० आणि तिसऱ्या वर्षाअखेर १०,८०० रुपये उरते. खरेदीची तारीखच माहीत नसेल तर हे गणित मांडावे तरी कसे?

परंतु वहीतील किंमत उतरली म्हणजे यंत्र निरुपयोगी झाले असे नव्हे. नीट राखलेला संगणक सात-आठ वर्षेही काम देतो. खरी अडचण निराळीच असते. यंत्र धडधाकट असते आणि त्यावरील सॉफ्टवेअरची पाठराखण मात्र संपलेली असते. विंडोज एक्सपीची पाठराखण ८ एप्रिल २०१४ रोजी संपली, विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० रोजी, आणि विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. त्यानंतर नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या येत नाहीत. वाढीव मुदतीसाठी वेगळी नोंदणी करावी लागते. पुढची आवृत्ती, म्हणजे विंडोज ११, बसवायची तर यंत्रात टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय, कमीत कमी ४ जीबी स्मृती आणि ठरावीक पिढीपुढचा प्रोसेसर हवा. आपल्या यंत्रांपैकी किती या कसोटीस उतरतात? ज्याच्याजवळ वही आहे तो पाच मिनिटांत सांगेल. ज्याच्याजवळ नाही तो एकतर सर्वच यंत्रे भंगारात काढील, किंवा एकही न बदलता दैवावर हवाला ठेवील. दोन्ही मार्ग नुकसानीचे आहेत.

दैवावर हवाला ठेवल्याने काय होते, हे जगाने २०१७ च्या मे महिन्यात पाहिले. १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर प्रोग्राम जाळ्यांतून पसरला. तो विंडोजवर चालणाऱ्या संगणकातील सर्व कागदपत्रे कुलूपबंद करी आणि ती सोडवण्यासाठी सुमारे ३०० डॉलरची खंडणी मागे. दीडशेहून अधिक देशांतील दोन लाखांवर संगणक त्याच्या तडाख्यात सापडले. इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेच्या २३६ पैकी सुमारे ८० विभागीय संस्थांना त्याची झळ लागली आणि रुग्णांच्या हजारो भेटी रद्द कराव्या लागल्या. आपल्या शेजारच्या आंध्र प्रदेशातही काही जिल्ह्यांच्या पोलीस कचेऱ्यांतील संगणक बाधित झाले. आता यातील शोचनीय भाग पाहा. ज्या फटीतून हा प्रोग्राम आत शिरला ती बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजीच, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी, प्रसिद्ध केली होती. औषध तयार होते, पण कोणत्या रोग्यास ते दिले आणि कोणास द्यावयाचे राहिले याची यादी पुष्कळांजवळ नव्हती. शंभरांतील नव्व्याण्णव यंत्रे दुरुस्त केली आणि विसरलेले एक तसेच राहिले, तर उंदराच्या एका बिळाने कणगी रिकामी व्हावी तसे होते.

ही गोष्ट इंग्लंडची किंवा पोलीस खात्याची, आपल्या गावास तिचे काय, असे कोणी म्हणेल. म्हणून पुन्हा कापसाकडे वळू. आज हमीभावाने कापूस विकणे हे संगणकावाचून होत नाही. केंद्र सरकारचे कापूस महामंडळ २०२५-२६ च्या हंगामापासून ‘कपास किसान’ या मोबाइलवरील सोयीतून शेतकऱ्यांची नोंदणी करते व विक्रीचा दिवस नेमून देते. शेतकऱ्याची गाडी खरेदी-केंद्र म्हणून ठरलेल्या जिनिंगवर येते; काट्याचे वजन संगणकात उतरते, पावती निघते आणि पैसे थेट बँकेच्या खात्यात जमा होतात. अशा दिवशी काट्याच्या खोलीतील एकुलता एक संगणक बंद पडला असे समजा. त्याची हमी संपली आहे की नाही हे कोणास ठाऊक नाही. बिल सापडत नाही. काट्याचे सॉफ्टवेअर कोणी बसवले होते ते आठवत नाही. परवान्याची कळ कोठे लिहून ठेवलेली नाही. दुरुस्ती करणारा निजामाबादहून किंवा हैदराबादहून येईपर्यंत रांग उभीच. भाड्याच्या टेम्पोचे भाडे चढत जाते. रात्रीच्या थंडीत उघड्यावर उभ्या असलेल्या कापसावर दव पडते. खरेदीत ओलाव्याचे प्रमाण ८ टक्के धरलेले असते; त्याहून अधिक ओलाव्यास भाव कापला जातो आणि १२ टक्क्यांपुढील कापूस घेतला जात नाही. अशा रीतीने कचेरीतील एका न ठेवलेल्या नोंदीची किंमत शेतकऱ्याच्या गाडीवर चढते. मालक फार तर एक दिवस चिडतो. पण ज्याने जूनपासून पाऊस, बोंडअळी आणि कर्ज यांच्याशी झुंज दिली, त्याचा खिसा कापला जातो. वहीचे मोल काय, हे आम्हांस या ठिकाणी सर्वांत स्पष्ट दिसते. वही असेल तर हंगामापूर्वीच, सप्टेंबर महिन्यात, कोणते यंत्र थकले आहे हे कळते. एक राखीव संगणक सज्ज ठेवता येतो. काट्याच्या सॉफ्टवेअरची कळ आणि कालपर्यंतच्या माहितीची प्रत हाताशी असते, आणि तासाभरात काम पुन्हा सुरू होते.

वही कोणी ठेवावी, हाही विचारार्ह प्रश्न आहे. आपल्या इतिहासात याचे एक सुंदर उत्तर आहे. शिवछत्रपतींच्या किल्ल्यांवर कारभार एकाच माणसाच्या हाती नसे. हवालदार, सबनीस आणि कारखानीस असे तीन अधिकारी असत. किल्ल्याच्या चाव्या हवालदाराकडे, हजेरी आणि लिखापढीचे काम सबनिसाकडे, आणि धान्य व सामानसुमान यांची देखरेख कारखानिसाकडे. एकाच्या हाती वस्तू आणि त्याच्याच हाती लेखणी असली की वही खरी राहील याची शाश्वती नसते, हे तत्त्व त्यात दडलेले आहे. आजच्या कचेरीनेही तेच करावे. यंत्रांची दुरुस्ती एकाने पाहावी, वही दुसऱ्याने लिहावी, आणि वर्षातून एकदा तिसऱ्याने वही हाती घेऊन प्रत्येक यंत्रापुढे उभे राहावे. कंपनीच्या हिशेबतपासनिसासाठी केंद्र सरकारने २०२० साली जो आदेश काढला, त्याचाही रोख हाच आहे. कंपनीने आपल्या मालमत्तेची संख्या व ठिकाण यांसह पूर्ण नोंद ठेवली आहे काय, अमूर्त मालमत्तेचीही नोंद आहे काय, आणि वस्तूंची वेळोवेळी प्रत्यक्ष पाहणी होते काय, हे त्यास अहवालात सांगावे लागते. लहान खासगी कंपन्यांस या आदेशातून सूट आहे. पण कायद्याने सूट दिली म्हणून शहाणपणानेही द्यावी असे नाही.

शेवटचा टप्पा यंत्राच्या निरोपाचा. जुना संगणक किलोच्या भावाने भंगारवाल्यास देऊन टाकणे ही आपल्याकडील नित्याची गोष्ट. तिच्यात दोन धोके आहेत. पहिला आरोग्याचा. जुन्या जाड पडद्यांच्या काचेत शिसे असते. तारा जाळून तांबे काढताना विषारी धूर निघतो, आणि तो प्रथम त्या भंगार निवडणाऱ्या गरीब माणसाच्या, पुष्कळदा आपल्याच वयाच्या मुलाच्या, छातीत जातो. इलेक्ट्रॉनिक कचऱ्याविषयीचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले आहेत. मोठ्या ग्राहकांनी असा कचरा नोंदणीकृत व्यावसायिकाकडेच दिला पाहिजे असे ते सांगतात. लहान कचेऱ्यांनीही तोच मार्ग धरावा. दुसरा धोका माहितीचा. संगणकातील फाइल पुसली असे आपण म्हणतो, तेव्हा बहुधा केवळ अनुक्रमणिकेतील तिचे नाव पुसले जाते. मजकूर डिस्कवर तसाच राहतो आणि जाणकारास तो परत काढता येतो. जिनिंगच्या डिस्कवर शेकडो शेतकऱ्यांची नावे, आधार क्रमांक आणि बँकेची खाती असू शकतात. अशी डिस्क बाजारात जाणे म्हणजे शेजाऱ्यांच्या घरांच्या किल्ल्या चव्हाट्यावर टांगणे होय. म्हणून यंत्र देण्यापूर्वी डिस्क काढून तिच्यावरील माहिती योग्य साधनाने पूर्णपणे मिटवावी किंवा डिस्कच फोडून टाकावी, आणि ते कोणी व केव्हा केले हे वहीत लिहावे. त्यानंतरच त्या क्रमांकापुढे ‘निर्लेखित’ असा शेरा मारावा. क्रमांक मात्र दुसऱ्या यंत्रास पुन्हा देऊ नये.

कोणी शंका काढील की, पाच-सहा संगणकांच्या लहान कचेरीस हा सारा खटाटोप कशाला हवा? आमचे उत्तर असे की, पाच संगणकांस शंभर रुपयांचीही वही लागत नाही. रेघा मारलेली एक साधी वही पुरे. दुसरी शंका अधिक खरी आहे. वही सुरू होते, दोन महिने नेटाने लिहिली जाते आणि मग तशीच पडून राहते. शिळी वही ही वही नसण्यापेक्षाही घातक, कारण ती खोटा विश्वास देते. त्यावर उपाय एकच : नोंदीस कामाच्या ओघातच जागा द्यावी. नवे यंत्र आले की क्रमांक चिकटवल्यावाचून त्यास विजेची जोडणी देऊ नये. यंत्र एका खोलीतून दुसरीत गेले की त्याच दिवशी नोंद बदलावी. कामगार नोकरी सोडून जाताना त्याच्याकडील यंत्र व परवाना जमा झाल्याची सही व्हावी. आणखी एक पथ्य पाळावे. वहीचा उपयोग कामगारांवर संशय घेण्यासाठी करू नये. ज्या कचेरीत बिघाड कळवणाऱ्यासच दंड होतो, तेथे बिघाड लपवले जातात आणि वही खोटी पडते.

विद्यार्थिमित्रहो, हा विषय तुमच्या वयास रूक्ष वाटला तर नवल नाही. परंतु तुमच्यापैकी कित्येक जण उद्या जिनिंगमध्ये, बँकेत, मी-सेवा केंद्रात, दवाखान्यात किंवा एखाद्या मोठ्या कंपनीत संगणकापुढे बसतील. तेथे प्रत्येक जण नवा प्रोग्राम लिहिणारा असेलच असे नाही. पण आपल्या ताब्यात काय आहे, ते कोठून आले, कोणत्या हक्काने आपण ते वापरतो आणि ते बंद पडले तर कोणाचे अडेल, या चार प्रश्नांची उत्तरे देता येणारा माणूस प्रत्येक ठिकाणी हवा असतो. हे काम मराठीतून शिकलेल्या मुलामुलींस उत्तम साधेल. त्यास फार मोठी पदवी लागत नाही. नीटनेटके अक्षर, चिकाटी आणि खरे तेच लिहिण्याची सवय लागते.

आरंभ आपल्या शाळेच्या संगणक-कक्षापासूनच करता येईल. वर्गातील चार-पाच जणांनी शिक्षकांच्या अनुमतीने एक शनिवार द्यावा. प्रत्येक यंत्राच्या पाठीवरील अनुक्रमांक टिपावा, कोणते चालते व कोणते बंद आहे ते पाहावे, कोणत्या यंत्रावर कोणती आवृत्ती आहे ते लिहावे आणि खाली तारीख घालून सह्या कराव्या. पुढील वर्षी दुसऱ्या तुकडीने तीच वही घेऊन पुन्हा मोजणी करावी. बंद पडलेल्या दोन यंत्रांचे सुटे भाग जुळवून एखादा चालू संगणक उभा राहिला, तर रांगेत उभ्या असलेल्या आणखी एका विद्यार्थ्यास त्यापुढे बसता येईल.